‘अभ्यासात लक्षच नाही’ : आधी कारण शोधा, मग उपाय आखा

सहामाहीचे पेपर तपासून झाले की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “या मुलांना शिकायचंच नाही.” मग कुणीतरी सुचवतं, एखाद्या चांगल्या वक्त्याला बोलवू या. व्याख्यान ठरतं, मुलं मांडी घालून दीड तास ऐकतात, टाळ्या वाजवतात, दोन दिवस वर्गात थोडी हालचाल दिसते. पुढच्या सोमवारी गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा मात्र तेवढाच असतो. वक्ता कमी पडतो असं नाही. पण जिला अपूर्णांकच कळलेले नाहीत ती मुलगी, ज्याला पहाटे उठून धारा काढाव्या लागतात तो मुलगा आणि चुकलं तर सगळे हसतील म्हणून हात वर न करणारा तिसरा, या तिघांनाही एकच औषध दिलेलं असतं.

अभ्यासाची ओढ नसणं हे लक्षण आहे. त्यामागचं कारण प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि उपाय त्या कारणावरच बेतावा लागतो. त्यासाठी नवं काही शिकायला नको. बी.एड. करताना कृतिसंशोधन आपण सर्वांनी केलेलं आहे : समस्या, संभाव्य कारणं, कृतिगृहीतक, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी. बहुतेकांची ती फाइल सही-शिक्का झाल्यावर कपाटात गेली. ती पद्धत मात्र वर्गातल्या या प्रश्नासाठी अगदी योग्य आहे. इथे सातवी ते नववीचे वर्ग आणि मुख्यतः गणित डोळ्यांसमोर ठेवून सांगतो आहे, कारण मुलं सर्वांत जास्त तिथेच गळतात. विषय दुसरा असला तरी रीत तीच.

कारण कसं शोधायचं

महाराष्ट्राच्या शिक्षणात याचं फार मोठं उदाहरण आपल्यासमोर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी मुलं दिवसभर करतात काय ते पाहिलं. मुलगे गुरं घेऊन रानात जात होते, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. मग गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. वस्तीच्या अंगणात वर्ग भरू लागला, ती अंगणवाडी. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे कडेवरच्या भावंडाची सोय झाली आणि ताई वर्गात बसू शकली. मुलांना उपदेश करण्यात कुणी वेळ घालवला नाही. अडचण कुठे आहे ते पाहून शाळेची रचना बदलली. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही, पण विचाराची दिशा हीच ठेवायची आहे.

सगळा वर्ग एकदम घेऊ नका. आठ-दहा मुलं निवडा आणि पहिला आठवडा फक्त पाहण्यात घालवा.

सुरुवात वहीपासून करा. गणिताची वही शांतपणे पहिल्या पानापासून चाळली तर ती बरंच काही सांगते. वर्गपाठ फळ्यावरून सुबक उतरवलेला असतो, समास आखलेला, उत्तराखाली पट्टीने दुहेरी रेघ. त्याच्यापुढे ‘सरावसंच’ एवढं शीर्षक असतं आणि खाली कोरं पान. हे कोरेपण कुठल्या तारखेला सुरू झालं ते शोधा. एकाच प्रकरणापासून, समजा ‘बैजिक राशींचे अवयव’पासून, पानं कोरी असतील तर मूल तिथे अडलं आहे. एखाद्या आठवड्यापासून सगळ्याच विषयांच्या वह्या कोऱ्या असतील तर त्या आठवड्यात घरी काहीतरी घडलं आहे. सगळी गणितं बरोबर, पण खाडाखोड कुठेच नाही, असं दिसलं तर ती दुसऱ्याच्या वहीवरून उतरवली आहेत. आणि वर्गपाठही अर्धवट असेल तर मूल वर्गात शरीराने हजर आणि मनाने गैरहजर आहे, किंवा त्याला फळा नीट दिसत नाही. चष्म्याच्या नंबराची शंका आधी फेडून घ्या. ही गोष्ट वाटते तितकी विरळ नाही.

मग हजेरीपट. गैरहजेरी आठवडी बाजाराच्या दिवशीच पडते का? कांदा लागवडीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत पडते का? बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. अशा घरातलं मूल नोव्हेंबरमध्ये अभ्यासातून लक्ष काढून घेत असेल, तर आपल्याला जायचंच आहे हे त्याला ठाऊक असतं. इथे हंगामी वसतिगृह, नाहीतर आजी-आजोबांकडे राहण्याची व्यवस्था, हाच उपाय. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना घेऊन तो ऑक्टोबरच्या आतच करावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दहा मिनिटं बोलणं. ते शिक्षकांच्या खोलीत चार जणांदेखत करू नका. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, चालता चालता बोला. “अभ्यास का करत नाहीस?” या प्रश्नाला “करतो, सर” हे एकच उत्तर असतं, त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा : काल शाळेतून गेल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग. एकट्याने सुटलेलं शेवटचं गणित कुठलं, आठवतं का? वर्गात अडलं तर कुणाला विचारतेस? शाळेतला कुठला तास संपूच नये असं वाटतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘पीटीचा’ आलं तरी ते मनापासून ऐका. तिथे त्या मुलाला काहीतरी मिळतंय जे तुमच्या तासाला मिळत नाही.

या माहितीची जुळणी कशी करायची? शैक्षणिक मानसशास्त्रात दोन विचारधारा इथे कामाला येतात. जॅकलिन एक्लस आणि ॲलन विगफील्ड यांच्या मांडणीनुसार मूल मनातल्या मनात विचारतं : मला हे जमेल का, यातून मला काय मिळेल आणि त्यासाठी मला काय गमवावं लागेल. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी तीन गरजा सांगितल्या : आपल्याला येतंय ही जाणीव, आपल्या मर्जीलाही इथे जागा आहे ही जाणीव आणि आपण इथे कुणाचे तरी आहोत ही जाणीव. प्रत्येक मुलाच्या नावापुढे यातली नेमकी कुठली गोष्ट कमी पडते ते एका ओळीत लिहा. ‘आळशी’, ‘बेफिकीर’, ‘घरचं वातावरण नाही’ असे शब्द त्या कागदावर येऊ देऊ नका. त्या शब्दांतून कुठलाच उपाय निघत नाही.

‘मला जमेल का’ हा प्रश्न सर्वांत आधी

आठ-दहा नावांपुढे लिहून झालं की बहुतेक वर्गांत निम्म्याहून अधिक नावांपुढे ‘जमत नाही’ हेच आलेलं दिसेल, अशी माझी खात्री आहे. सातवी-आठवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल तर त्याचा कंटाळा हा कंटाळा नसतोच. रोज पस्तीस मिनिटं न कळणारी भाषा ऐकत बसायला लागलं तर आपणही दुसरीकडे पाहू लागू.

‘प्रथम’ या संस्थेचं काम १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून उभं राहिलं. तिच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि अंकज्ञान पक्कं करून घ्यायची. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत या उपक्रमाची काटेकोर तपासणी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांत हे दोघेही होते. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागच्या मुलांना जास्त फायदा झाला. मूल कुठल्या इयत्तेत आहे ते बाजूला ठेवून त्याला काय येतं तिथून सुरुवात करायची, हे त्या कामाचं सार. माध्यमिक शाळेत हे करायला संकोच वाटतो, कारण पाठ्यक्रम डोक्यावर असतो. तरी आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटं यासाठी काढा. ऑफ तास असतो, परिपाठाआधीचा वेळ असतो. पाया कच्चा ठेवून वर उत्साह भरणं हा मुलावर अन्याय आहे.

पाया फार कच्चा नसेल, पण आत्मविश्वास गेलेला असेल, तर ‘जवळचं ध्येय’ हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. अल्बर्ट बांदुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. वजाबाकीत कच्च्या आणि गणिताची नावड असलेल्या मुलांना त्यांनी ४२ पानांचा सराव दिला. सात बैठका होत्या. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला निदान सहा पानं करून पाहा. दुसऱ्या गटाला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर सगळी ४२ पानं पूर्ण करा. हिशेब करून पाहिला तर काम अगदी सारखंच. पण सहा-सहा पानांचं ध्येय असलेली मुलं वजाबाकीत पुढे गेली, ‘मला येतं’ असं म्हणू लागली आणि मोकळ्या वेळात काय करायचं ते त्यांच्यावर सोडलं तेव्हा त्यांनी आपणहून जास्त वजाबाक्या सोडवल्या. ४२ पानांचं ध्येय दिलेल्या गटात असं काही झालं नाही.

आपल्या वर्गात याचं रूप कसं असेल ते आठवीच्या अवयवांवरून पाहू. ‘सरावसंच पूर्ण करून आणा’ हे लांबचं ध्येय झालं. त्याच्या पायऱ्या करा. पहिल्या पायरीवर बैजिक राशी आणूच नका. गुणाकार १२ आणि बेरीज ७ येईल अशा दोन संख्या सांगा. गुणाकार २० आणि बेरीज ९? अशी आठ, तोंडी किंवा पाटीवर. दुसऱ्या पायरीवर त्याच संख्या मधल्या पदाची फोड करायला वापरायच्या, सगळी चिन्हं अधिक. तिसरीवर मधलं पद वजा. चौथीवर शेवटचं पद वजा, जिथे सगळ्यांची गाडी घसरते. पाचवीवर वर्गपदाचा सहगुणक एकापेक्षा मोठा. प्रत्येक पायरीला आठ उदाहरणं आणि पंधरा मिनिटं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच चौकटी आखून द्या आणि पायरी झाली की मुलानेच त्यात खूण करायची. ती पट्टी वहीच्या मलपृष्ठाला आतून चिकटवा. भिंतीवर लावू नका, ती त्याची एकट्याची आहे.

दोन गोष्टी सांभाळा. बहुतेक मुलांची आठपैकी सहा उदाहरणं सुटत नसतील तर पायरी उंच झाली आहे, ती मोडून दोन करा. आणि पायरी कुणाबरोबर करायची, एकट्याने की जोडीदारासोबत, हे मुलाला ठरवू द्या. एवढ्याशा निवडीनेही फरक पडतो, कारण शाळेच्या दिवसात मुलाला स्वतः ठरवता येईल असं फारच थोडं असतं.

‘हे शिकून काय होणार?’

हा प्रश्न उर्मटपणाने विचारला जातो तेव्हाही तो खरा असतो. त्याला आपण दिलेली उत्तरं मात्र ठरलेली : दहावीला येतं, पुढे उपयोगी पडेल. क्रिस हलमन आणि ज्युडिथ हाराकिविच यांनी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या विज्ञान वर्गांत केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्रभर अधूनमधून काही मुलांनी धड्याचा सारांश लिहिला आणि काहींनी शिकलेल्या गोष्टीचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे ते लिहिलं. ज्यांना स्वतःकडून यशाची फारशी अपेक्षा नव्हती अशा मुलांची, संबंध लिहिल्यामुळे, विषयातली गोडीही वाढली आणि गुणही. ज्यांना आधीपासूनच भरवसा होता त्यांना तसा फायदा झाला नाही. हाराकिविच यांच्या पुढच्या कामात आणखी एक गोष्ट समोर आली : आत्मविश्वास नसलेल्या मुलांना उपयोग नुसता आयता सांगितला तर त्यांची गोडी उलट कमीही होऊ शकते. ‘हे इतकं महत्त्वाचं आहे आणि मला तर येत नाही’ असा त्याचा अर्थ लागत असणार. म्हणून उपयोग मुलाने शोधायचा. शिक्षकाने फक्त प्रश्न विचारायचा.

प्रश्न असा ठेवा : “या प्रकरणातली एक गोष्ट निवड. ती तुझ्या घरी, शेतात, दुकानात किंवा तुझ्या आवडीच्या कामात कुठे दिसते ते पाच-सहा ओळींत लिही.” तीन-चार आठवड्यांतून एकदा, पंधरा मिनिटं. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, गुण देऊ नका, फक्त वाचा आणि एखादा खरा प्रश्न खाली लिहा. चक्रवाढव्याज शिकवताना आईच्या बचत गटाचं कर्ज येईल. ‘सूट व कमिशन’च्या वेळी बाजार समितीतली अडत येईल, मोबाइलच्या दुकानातली सवलत येईल. ‘चलन’ शिकताना किती बायका लावल्या तर किती दिवसांत कांदा काढून होतो हा हिशेब एखादी मुलगी तुमच्यापेक्षा अचूक मांडेल. तिने लिहिलेलं उदाहरण, तिला चालणार असेल तर, पुढच्या तासाला फळ्यावर घ्या. त्या दिवशी वर्गात तिची जागा बदलते.

पालकांना इथे जरूर सामील करून घ्या. हाराकिविच यांच्याच २०१२ च्या अभ्यासात दहावी-अकरावीच्या मुलांच्या पालकांना गणित-विज्ञानाच्या उपयोगाबद्दल दोन पत्रिका पाठवल्या आणि एक संकेतस्थळ दाखवलं. तेवढ्यावर त्या मुलांनी शेवटच्या दोन वर्षांत इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ एक सत्र अधिक गणित-विज्ञान घेतलं. आपल्याकडे विषय निवडायला तेवढा वाव नाही, पण घरातलं बोलणं बदलतं ही गोष्ट महत्त्वाची. पालकसभेत तक्रारींची यादी वाचून दाखवण्याऐवजी अर्ध्या पानावर दोन प्रश्न छापून द्या : आज कुठलं गणित सुटलं ते मला समजावून सांग, आणि हा हिशेब आपल्या कामात कुठे लागतो ते मी तुला सांगते. कमी शिकलेल्या आईलाही दुसरा प्रश्न उत्तम जमतो. बऱ्याचदा तिलाच जास्त चांगला जमतो.

वहीवरचा शेरा

लाल पेनाने लिहिलेले ‘छान’, ‘सुधारणा आवश्यक’, ‘लक्ष दे’ हे शेरे लिहिणाऱ्याचा वेळ खातात आणि मुलाला काहीच सांगत नाहीत. शेरा असा हवा : “तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर. कंस सोडवताना वजा चिन्ह फक्त पहिल्या पदाला दिलंस. तेवढं दुरुस्त करून उद्या दाखव. तुला जमण्यासारखं आहे म्हणूनच परत करायला सांगते आहे.” शेवटचं वाक्य सजावटीसाठी नाही. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांचे शेरे होतेच. काही निबंधांना एक चिठ्ठी जोडली : माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत. अशी चिठ्ठी मिळालेल्या मुलांमध्ये, विशेषतः शिक्षकांवर विश्वास कमी असलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये, निबंध पुन्हा लिहून देण्याचं प्रमाण खूप वाढलं. आपल्याकडेही ज्या मुलांना ‘सर आमच्याकडून काही अपेक्षाच ठेवत नाहीत’ असं वाटत असतं, ती कोण आहेत हे प्रत्येक वर्गशिक्षकाला मनातून ठाऊक असतं. पहिल्या पाच वह्या त्यांच्या तपासा.

स्तुती करतानाही जपायला हवं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं की एखादं काम जमल्यावर ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढे अवघड काम टाळू लागली आणि अपयशानंतर आणखी ढेपाळली. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं टिकून राहिली. मात्र यावरून प्रत्येक मुलाला ‘मेहनत कर, जमेल’ एवढंच सांगत राहणं चूक आहे. ज्याची रीतच चुकते आहे त्याची मेहनत वाया जाते आणि दोषही त्याच्याच माथी येतो. मेहनतीबरोबर रीत दाखवा.

‘बुद्धी वाढते’ या विचाराचा हल्ली फार गाजावाजा होतो, म्हणून त्याचं खरं माप सांगतो. अमेरिकेत ६५ शाळांमधल्या सुमारे १२ हजार नववीच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी संगणकावर एक तासापेक्षा कमी वेळाचा पाठ केला. मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी चारच्या मोजपट्टीवर सुमारे ०.१ ने वाढली, आणि जिथे अवघड काम हाती घेणं सवंगड्यांमध्ये चांगलं समजलं जात होतं तिथे परिणाम अधिक दिसला. तासाभराच्या मानाने हे मोलाचं आहे. पण एका पाठाने वर्ग पालटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वर्गात चुकीला हसू येत असेल तर भिंतीवरचा कुठलाही सुविचार कामाचा नाही. ते हसणं थांबवणं हाच तिथला उपाय.

बक्षिसांचा मोह

उपक्रम म्हटला की आपल्याकडे स्पर्धा, प्रमाणपत्र, कंपासपेटी हे ओघाने येतं. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशा बालवाडीच्या मुलांना घेतलं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांनी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांना दिला. हजेरीच्या बक्षिसांचंही तसंच आहे. कॅलिफोर्नियात १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने सरासरी हजेरी वाढली नाही आणि झालेल्या हजेरीबद्दल अचानक बक्षीस दिल्यावर पुढची हजेरी कमी झाली. शाळेची अपेक्षा याहून कमी आहे, असा अर्थ मुलांनी घेतला असावा.

बक्षीस कधीच देऊ नये असं नाही. रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत मुलांना पैसे देऊन पाहिले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी दिले, उपयोग झाला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तिथे वाचनाचं आकलन सुधारलं. गुण कसे वाढवायचे हे मुलाला ठाऊक नसतं, पुस्तक कसं वाचायचं हे ठाऊक असतं. त्यामुळे काही द्यायचंच असेल तर मुलाच्या हातात असलेल्या कामासाठी द्या. माझ्या मते तर शाळेत आधी क्रमांकांचे तक्ते भिंतीवरून काढावेत. पहिल्या तिघांना त्यांची गरज नसते आणि शेवटच्या वीस जणांना ते रोज एकच गोष्ट सांगतात.

परिणाम पाहायचा कसा

‘मुलांमध्ये उत्साह दिसला’ हा निष्कर्ष नव्हे. एकच वर्तन निवडा, मोजता येईल असं : आठवड्यात आपणहून सोडवलेली उदाहरणं, किंवा वर्गात विचारलेल्या शंका, किंवा दुरुस्त करून परत आणलेल्या वह्या. उपक्रम सुरू करण्याआधी दोन आठवडे ते नुसतं नोंदवा. मग सहा ते आठ आठवडे उपक्रम आणि नोंद सुरू ठेवा. दोन तुकड्या तुमच्याकडे असतील तर चिठ्ठी टाकून एकीत आता सुरू करा, दुसरीत दोन महिन्यांनी. उत्साही मुलांनी नावं दिली म्हणून त्यांनाच घेतलंत तर निकालाला अर्थ उरणार नाही.

तुलनेची तुकडी का हवी? एखाद्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलांपैकी काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. पुढच्या चाचणीत ती काहीही न करता थोडी वर येतात. ते श्रेय उपक्रमाचं नसतं. शिवाय कुठल्याही नव्या गोष्टीची पहिले पंधरा दिवस नवलाई असते, म्हणून तिसऱ्या आठवड्यानंतरचे आकडे अधिक विश्वासाचे. एका वेळी एकच गोष्ट बदला. पायऱ्यांची पट्टी, शेरे आणि पालकांचं पान हे सगळं एकदम सुरू केलंत तर काय कामाला आलं ते कधीच कळणार नाही. आणि ज्यांच्यात काहीच फरक पडला नाही त्यांच्या नावांपाशी परत जा, कारण तिथे कारणाचा अंदाज चुकला आहे.

एक गोष्ट मात्र कृतिसंशोधनाच्या चौकटीत बसत नाही. चांगलं शिकणारं मूल अचानक गप्प झालं, डबा परत नेऊ लागलं, अंगावर मार दिसला, किंवा नववी-दहावीतल्या मुलीच्या लग्नाची कुजबुज कानावर आली, तर तिथे उपक्रम आखत बसू नका. मुख्याध्यापकांना सांगा, समुपदेशकाची मदत घ्या. गरज पडली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, त्यावर फोन करा.

दुसरं सत्र उघडलं की पहिल्या आठवड्यात हजेरीपटावरून आठ नावं वेगळ्या कागदावर घ्या, त्यांच्या वह्या घरी न्या आणि एका रविवारी पहिल्या पानापासून चाळा. मार्चपर्यंत एक उपक्रम सहज पूर्ण होतो. निकाल हाती आला की केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडा. तो फसला असेल तरी आकड्यांसकट मांडा, म्हणजे शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचे दोन महिने वाचतील.